लिव्हर कुठे, गिअर कुठे

ऑटोमॅटिक गाडीची एक तक्रार गॅरेजमध्ये वरचेवर ऐकू येते. बॅटरी ठणठणीत आहे, हॉर्न वाजतो, दिवे लागतात, पण किल्ली फिरवली की सेल्फ हूं की चूं करत नाही. वैतागून लिव्हर ‘पी’वरून ‘एन’वर आणला, की गाडी लगेच सुरू होते. दुसरी तक्रार थोडी वेगळी असते. गाडी सुरू होते, पण डॅशबोर्डवर ‘डी’च्या जागी नुसती रेघ दिसते. गाडी एकाच गिअरमध्ये कण्हत चालते आणि मागे घेताना मागचा पांढरा दिवा लागत नाही.

अशा वेळी संशय जातो तो गिअरबॉक्सच्या अंगावर बहुधा दोन बोल्टांनी बसवलेल्या एका छोट्या भागावर. त्याला कोणी ट्रान्समिशन रेंज सेन्सर म्हणतो, कोणी गिअर पोझिशन सेन्सर, कोणी न्यूट्रल सेफ्टी स्विच, तर कोरियन आणि जपानी गाड्यांवर काम करणारे मेकॅनिक इन्हिबिटर स्विच म्हणतात. बिलावर नाव कोणतेही असो, काम एकच: गिअरबॉक्स या क्षणी कोणत्या स्थितीत आहे ते गाडीच्या कॉम्प्युटरला कळवणे.

हा भाग बिघडतो हे खरे. पण तो न बिघडताही बदलला जातो, हेही तितकेच खरे. नवा सेन्सर बसतो, बिल होते आणि आठवडाभरात तीच तक्रार पुन्हा उभी राहते. म्हणून या प्रकरणात सेन्सर बदलायचा कसा यापेक्षा, दोष सेन्सरचाच आहे हे ठरवायचे कसे, यावर भर आहे.

तीन ठिकाणे, एक उत्तर

मागच्या प्रकरणात आपण टॉर्क कन्व्हर्टर आणि ग्रहमालेसारखी फिरणारी गिअरचाके पाहिली. त्यांना हुकूम जातो तो चालकाच्या हाताशी असलेल्या लिव्हरपासून. नेहमीच्या ऑटोमॅटिक गाडीत लिव्हरच्या खालून एक जाड केबल निघते आणि इंजिनच्या कप्प्यात गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या दांड्याला जाऊन मिळते. मधल्या जोडाला बुश असतो, बहुधा प्लॅस्टिकचा किंवा रबराचा. केबल ओढली की दांडा फिरतो आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्समध्ये शिरलेला शाफ्ट फिरतो. हा शाफ्ट आत एक व्हॉल्व्ह सरकवतो. दाबाखालचे तेल कुठल्या वाटेने जाऊ द्यायचे, हे त्या व्हॉल्व्हच्या जागेवर ठरते. ‘पी’मध्ये तोच शाफ्ट एक लोखंडी खिट्टी दातेरी चाकात अडकवतो आणि गाडी जागेवर राहते. शाफ्ट मधेच कुठेतरी राहू नये म्हणून त्याच्यावर खाचांची एक पट्टी असते आणि स्प्रिंगवरचा रोलर त्या खाचांत बसतो. लिव्हर हलवताना हाताला जाणवणारा ‘खट्’ तिथला असतो.

सेन्सर बसतो तो याच शाफ्टवर. म्हणजे तो लिव्हरकडे पाहतच नाही. शाफ्ट कुठल्या कोनात आहे तेवढेच तो पाहतो आणि तारांवाटे कॉम्प्युटरला कळवतो.

आता या साखळीत तीन ठिकाणे झाली. चालकाचा लिव्हर काय म्हणतो, गिअरबॉक्सचा शाफ्ट खरोखर कुठे आहे, आणि कॉम्प्युटरला काय कळले. गाडी चांगली असताना तिन्हींचे उत्तर एकच येते. बिघाड झाला की कुठल्यातरी दोघांचे पटत नाही. लिव्हर आणि शाफ्ट यांचे पटत नसेल, तर दोष केबलचा, बुशचा किंवा समायोजनाचा. शाफ्ट आणि कॉम्प्युटर यांचे पटत नसेल, तर दोष सेन्सरचा, कनेक्टरचा, तारेचा किंवा क्वचित खुद्द कॉम्प्युटरचा. सगळी तपासणी म्हणजे पटत नाही ते नेमके कुणाकुणाचे, एवढे शोधणे.

या भागाची गरज का पडली

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर विक्रीला आला तो अमेरिकेत. जनरल मोटर्सचा ‘हायड्रा-मॅटिक’ १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांत मिळू लागला. तेव्हा लिव्हरवरचा क्रम ज्याचा त्याचा वेगळा होता. काही गाड्यांत रिव्हर्स हा पुढे जाण्याच्या ‘लो’ गिअरला अगदी खेटून, टोकाला होता. एका गाडीची सवय असलेला माणूस दुसरी चालवायला बसला की पुढे जाण्याऐवजी गाडी मागे जायची. राल्फ नेडर यांनी १९६५ साली ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात गाड्यांमधल्या ज्या दोषांवर बोट ठेवले, त्यांत हा गोंधळही होता.

१९६८ पासून अमेरिकेच्या संघराज्य सुरक्षा मानक क्रमांक १०२ ने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या. पुढे नेणारा आणि मागे नेणारा गिअर यांच्यामध्ये न्यूट्रल हवाच. आणि लिव्हर पुढच्या किंवा मागच्या गिअरमध्ये असताना सेल्फ लागता कामा नये. आज जगभर दिसणारा ‘पी-आर-एन-डी’ हा क्रम त्या नियमात चपखल बसतो. सेल्फ रोखण्याचे काम ज्या साध्या स्विचकडे होते, तोच आपल्या सेन्सरचा पूर्वज. सेल्फच्या रिलेकडे जाणारी तार त्याच्यातून जायची. ‘पी’ आणि ‘एन’मध्ये ती जोडलेली, बाकी सगळीकडे तुटलेली.

पुढे गिअरबॉक्सचा ताबा कॉम्प्युटरकडे गेला आणि या स्विचचे काम वाढले. तेलाचा दाब किती ठेवायचा, कुठला गिअर कधी टाकायचा, रिव्हर्सचा दिवा आणि कॅमेरा कधी लावायचा, क्रूझ कंट्रोल चालू द्यायचा की नाही, असे कितीतरी निर्णय या एका माहितीवर घेतले जाऊ लागले. ही माहिती संशयास्पद वाटली की कॉम्प्युटर जोखीम घेत नाही. तो तेलाचा दाब वाढवतो, एकच गिअर धरून ठेवतो आणि गाडी कशीबशी गॅरेजपर्यंत जाईल एवढीच मुभा देतो. यालाच लिंप मोड म्हणतात. ‘एन’वरून ‘डी’त टाकताना बसणारा दणका पुष्कळदा या वाढवलेल्या दाबाचा असतो. त्यावरून गिअरबॉक्स गेला असे समजणे घाईचे ठरते.

सेन्सर बोलतो कसा

तपासणीआधी सेन्सर कोणत्या जातीचा आहे ते माहीत हवे. मुख्य जाती तीन.

पहिली जात रोधकांच्या जिन्याची. सेन्सरच्या आत रोधकांची रांग असते. शाफ्ट फिरला की रांगेतली वेगवेगळी जागा जोडली जाते आणि एकाच तारेवरचे व्होल्टेज पायरीपायरीने बदलते. फोर्डच्या १९९०च्या दशकातल्या कित्येक गिअरबॉक्सवर असा सेन्सर होता. ‘पी’मध्ये सुमारे ४.४ व्होल्ट आणि तिथून उतरत उतरत सर्वांत खालच्या गिअरला सुमारे ०.७ व्होल्ट. या रचनेतली खुबी अशी की कुठल्याही खऱ्या स्थितीत आकडा शून्याला किंवा पाचाला टेकत नाही. म्हणून मीटरवर ठाम शून्य किंवा पाच दिसले, तर ती गिअरची स्थिती नसून तारेचा दोष आहे हे लगेच कळते.

दुसरी जात संपर्क-पट्ट्यांची. इथे एकाऐवजी अनेक तारा असतात. जनरल मोटर्सच्या अनेक गिअरबॉक्समधली चार तारांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात दोष पकडण्याचे गणित आधीच रचून ठेवले आहे. तारांना ए, बी, सी आणि पॅरिटी अशी नावे आहेत. कॉम्प्युटर प्रत्येक तारेवर आपल्याकडून व्होल्टेज लावून ठेवतो. सेन्सर ती तार अर्थला जोडतो किंवा मोकळी सोडतो. जोडली की व्होल्टेज शून्य, सोडली की पूर्ण.

नियम असा, की कुठल्याही स्थितीत अर्थला जोडलेल्या तारांची संख्या सम असलीच पाहिजे. चार तारांतून दोन निवडण्याचे प्रकार सहा, आणि चारही जोडण्याचा एक. एकूण सात. लिव्हरच्या स्थितीही सात: पी, आर, एन, डी, ३, २, १. एकही तार जोडलेली नाही, ही आठवी शक्यता मुद्दाम वगळली आहे, कारण कनेक्टर निघून पडला तर नेमके तेच दिसेल.

‘पी’मध्ये ए आणि पॅरिटी या तारा अर्थला जातात. ‘आर’मध्ये ए आणि बी. ‘एन’मध्ये बी आणि पॅरिटी. ‘डी’मध्ये बी आणि सी. ‘३’मध्ये चारही. ‘२’मध्ये ए आणि सी, तर ‘१’मध्ये सी आणि पॅरिटी. आता समजा, ए ही तार कुठेतरी तुटली. ‘पी’ला दोनऐवजी एकच तार जोडलेली दिसेल. संख्या विषम झाली, म्हणजे कॉम्प्युटरला चूक कळली. ‘आर’, ‘३’ आणि ‘२’ यांचेही तसेच होईल. पण ‘एन’, ‘डी’ आणि ‘१’ या स्थितींत ए तारेची गरजच नाही, तिथे सगळे व्यवस्थित दिसेल. आणि तीच तार घासून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर चित्र उलटे होईल. ‘पी’, ‘आर’, ‘३’, ‘२’ बरोबर येतील आणि ‘एन’, ‘डी’, ‘१’ चुकतील.

म्हणजे लिव्हर सातही स्थितींतून नेऊन कुठे बरोबर आणि कुठे चूक एवढी यादी केली, तर कुठली तार बघायची हे बॉनेट उघडण्याआधीच कळते. गाडीत पद्धत वेगळी असली तरी रीत हीच. त्या मॉडेलच्या वायरिंगच्या नकाशात कुठल्या स्थितीत कुठल्या पिना जोडल्या जातात याचा तक्ता असतो. चुकणाऱ्या सगळ्या स्थितींना समान असलेली तार कोणती, हा एकच प्रश्न त्या तक्त्याला विचारायचा.

तिसरी जात चुंबकाची. शाफ्टबरोबर चुंबक फिरतो आणि हॉल इफेक्टवर चालणारी चिप त्याची जागा ओळखते. घासणारे काही नसल्याने हा सेन्सर झिजत नाही. पण तो अनेकदा गिअरबॉक्सच्या आत, तेलात, इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या तुकड्याचा भाग म्हणून बसवलेला असतो. तिथे साधा मल्टिमीटर फारसा कामाचा नाही. स्कॅनरवर काय दिसते त्यावरच निर्णय घ्यावा लागतो. चूक झाली तर भुर्दंडही मोठा.

कोड म्हणजे निकाल नव्हे

चेक इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर जोडला जातो. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलपासून आणि भारतात एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ ही निदानपद्धत लागू झाली. डॅशबोर्डखाली चालकाच्या बाजूला असलेले १६ पिनांचे सॉकेट त्यासाठीच आहे. आपल्या विषयाशी संबंधित कोड पाच, एकापाठोपाठ एक.

पी०७०५ म्हणजे रेंज सेन्सरच्या परिपथात गडबड. तारांची जुळणी अशक्य वाटते आहे, एवढाच त्याचा अर्थ. पी०७०६ म्हणजे संकेत तसा शक्य आहे, पण बाकीच्या माहितीशी जुळत नाही. गाडी ताशी साठच्या वेगाने धावते आहे आणि सेन्सर ‘पी’ म्हणतो आहे, असा प्रकार. पी०७०७ म्हणजे व्होल्टेज अपेक्षेपेक्षा खाली, बहुधा तार अर्थला टेकलेली. पी०७०८ म्हणजे अपेक्षेपेक्षा वर, बहुधा तार तुटलेली किंवा कनेक्टर सुटलेला. पी०७०९ म्हणजे दोष येतो-जातो.

यांपैकी एकही कोड ‘सेन्सर बदला’ असे म्हणत नाही. परिपथ म्हणजे सेन्सर, कनेक्टर, तारा, अर्थिंग आणि कॉम्प्युटर हे सगळे मिळून. कोडच्या नावात सेन्सर हा शब्द आहे म्हणून सेन्सरचा बळी दिला जातो, आणि परत आलेल्या गाड्यांपैकी कित्येक याच घाईमुळे परत येतात.

कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम जरूर पाहावी. कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग, इंजिनचे फेरे आणि तापमान किती होते, ते तिथे साठवलेले असते. थंड इंजिनवर, सकाळी पहिल्यांदा सुरू करताना कोड आला असेल, तर ओल हा पहिला संशय. इंजिन पूर्ण तापल्यावर, चालत्या गाडीत आला असेल, तर उष्णतेने सुटणारा सांधा किंवा हादऱ्याने हलणारी तार. पुसून टाकलेला कोड हा गेलेला पुरावा आहे. मेकॅनिकने आधी फोटो काढावा, मग पुसावे.

तपासणीचा क्रम

क्रम सोप्याकडून अवघडाकडे आणि फुकटाकडून खर्चाकडे असावा. सुरुवातीच्या पायऱ्या गाडीचा मालकही करू शकतो. गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, चाकाला दगड लावावा आणि समोर कुणी उभे राहणार नाही एवढे पाहावे.

पहिली पायरी बॅटरी. इंजिन बंद असताना पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळत असेल, तर आधी बॅटरी आणि तिचे टर्मिनल पाहावेत. अशक्त बॅटरीमुळे कॉम्प्युटर भलतेसलते कोड नोंदवतात. दुसरी पायरी ब्रेकचे दिवे. बटणावर सुरू होणाऱ्या गाडीला ब्रेक दाबल्याची खूण लागते आणि ती ब्रेक पेडलच्या स्विचकडून येते. मागचे ब्रेक-दिवे लागत नसतील, तर दोष पेडलखालच्या त्या स्विचचा असू शकतो. गिअरबॉक्सचा त्याच्याशी काही संबंध नाही. चावी ओळखणाऱ्या इमोबिलायझरचा दिवा मिचमिचत असेल, तर तो वेगळाच मामला.

तिसरी पायरी ‘पी’ आणि ‘एन’ची तुलना. एकात सेल्फ लागतो आणि दुसऱ्यात नाही, तर बॅटरी, सेल्फ, रिले हे सगळे एका झटक्यात निर्दोष ठरले. दोष स्थितीच्या माहितीचाच. चौथी पायरी, ब्रेक घट्ट दाबून, किल्ली सुरू करण्याच्या स्थितीत धरून लिव्हर ‘पी’च्या खाचेत किंचित मागेपुढे दाबायचा. विशिष्ट जागी सेल्फ लागला, तर केबलचे समायोजन बिघडले आहे, बुश सैल झाला आहे किंवा सेन्सर आपल्या जागेवरून किंचित सरकला आहे. पाचवी पायरी रिव्हर्सचा दिवा. ‘आर’मध्ये दिवा लागत नसेल, तर आधी बल्ब आणि फ्यूज, मग सेन्सर.

सहाव्या पायरीला स्कॅनर हवा. इंजिन बंद, इग्निशन चालू. स्कॅनरवर थेट माहितीत गिअरची स्थिती उघडायची आणि लिव्हर सावकाश ‘पी’पासून शेवटपर्यंत आणि पुन्हा परत आणायचा. प्रत्येक खाचेत थांबून स्कॅनर काय म्हणतो ते लिहून काढायचे. एखादी स्थिती अजिबात दिसत नाही का, दोन खाचांच्या मधे असतानाच अक्षर बदलते का, जाताना बरोबर आणि येताना चूक असे होते का? सगळ्याच स्थिती एकसारख्या उशिरा बदलत असतील, तर समायोजन. एखादीच गायब असेल, तर संपर्क किंवा तार.

सातवी पायरी डोळ्यांची. कनेक्टर उघडून पाहायचा. पिनांवर हिरवट थर, पाण्याचे थेंब, काळे पडलेले प्लॅस्टिक, वाकलेली पिन. कोकणपट्टीतल्या खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात हा हिरवट थर लवकर धरतो. इंजिनच्या कप्प्यावर जोरदार दाबाने पाणी मारून धुतलेली गाडी दुसऱ्या दिवशी हा दोष घेऊन येते, ते कनेक्टरच्या रबरी सीलमधून पाणी शिरल्यामुळे. सेन्सर आत असेल तर गिअरबॉक्सचे तेल तारेच्या धाग्यांतून चढत कनेक्टरपर्यंत येते. आणि उभ्या गाडीत तारा कुरतडणारे उंदीर हे आपल्याकडचे नेहमीचे गुन्हेगार. तारेचे वेष्टन शाबूत दिसले तरी हात फिरवून पाहावा, आत तुटलेली तार बोटांना मऊ लागते.

आठवी पायरी मल्टिमीटर. कनेक्टर जोडलेला ठेवून मागच्या बाजूने बारीक प्रोब घालून व्होल्टेज मोजायचे. समोरून जाड टोक खुपसले की पिन रुंदावते आणि आधी नसलेला दोष आपणच निर्माण करतो. सेन्सरला पुरवठा येतो का? अर्थची तार खरोखर अर्थ आहे का? अर्थच्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टर्मिनलपर्यंत ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर तिथे रोध आहे, मग तार कितीही चकचकीत दिसो. त्यानंतर कनेक्टर काढून सेन्सरच्या पिनांवर सलगता तपासायची आणि ती वायरिंगच्या तक्त्याशी ताडून पाहायची. चालू परिपथावर ओहम कधीही मोजू नयेत. आकडा खोटा येतो आणि मीटरही बिघडू शकतो.

नववी पायरी येणाऱ्या-जाणाऱ्या दोषासाठी. स्कॅनरवर नजर ठेवून एकाने तारांचा जुडगा हळूहळू हलवायचा, वितभर सरकत जायचे. अक्षर उडाले ती जागा खडूने खुणावायची. गरम झाल्यावरच दोष येत असेल, तर सेन्सरला हेअर ड्रायरने जपून ऊब द्यायची. हा वेळ मजुरीत धरावा लागतो, म्हणून पुष्कळ ठिकाणी तो दिलाच जात नाही.

या सगळ्यातून तारा आणि कनेक्टर चांगले निघाले, पुरवठा आणि अर्थ बरोबर आले, केबल ताणलेली नाही, शाफ्ट खाचेत बसतो आहे, आणि तरीही सेन्सरच्या पिना तक्त्याप्रमाणे जुळत नाहीत, तेव्हाच सेन्सर दोषी ठरतो.

लिव्हरच्या बाजूचा दोष

साखळीचे पहिले टोक दुर्लक्षित राहते, आणि सर्वांत धोकादायक दोष तिथेच असू शकतो. जून २०२२ मध्ये फोर्डने अमेरिकेत सुमारे २९ लाख गाड्या परत बोलावल्या. कारण सेन्सर नव्हता. केबल गिअरबॉक्सला जोडणारा बॉनेटखालचा बुश जुना होऊन तुटत होता किंवा निसटत होता. चालक लिव्हर ‘पी’वर नेई, पण गिअरबॉक्सपर्यंत ती हालचाल पोचेलच याची खात्री नव्हती. गाडी उभी केली असे समजून माणूस उतरला आणि हँडब्रेक ओढलेला नसेल, तर गाडी घरंगळण्याचा धोका होता. उपाय होता नवा बुश आणि त्यावर संरक्षक टोपी.

अशा गाडीत सेन्सर गिअरबॉक्सची खरी स्थितीच सांगत असतो. लिव्हर आणि डॅशबोर्ड यांचे पटत नाही म्हणून सेन्सर बदलला, तर जो बरोबर सांगत होता तोच काढून टाकल्यासारखे होईल आणि तुटका बुश जागेवर राहील. म्हणून तपासणीत एकाने लिव्हर हलवावा आणि दुसऱ्याने गिअरबॉक्सवरचा दांडा पाहावा. लिव्हर हलला की दांडा तितकाच, लगेच, शेवटच्या खाचेपर्यंत हलला पाहिजे.

एएमटी गाड्यांचे काय

भारतात ऑटोमॅटिक गाडी सामान्य घरात आली ती एएमटीच्या रूपाने. २०१४ मध्ये आलेल्या मारुती सेलेरिओने त्याची सुरुवात केली. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर टाकण्याचे काम ॲक्चुएटर करतो. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत यांत्रिक केबल नसते. लिव्हर हा केवळ विनंतीचा स्विच. त्याची स्थिती एक सेन्सर सांगतो, आणि गिअर प्रत्यक्षात बसला की नाही हे ॲक्चुएटरमधले वेगळे सेन्सर सांगतात. सेलेरिओसारख्या गाड्यांत ‘पी’ नसते. ‘एन’मध्ये, ब्रेक दाबूनच गाडी सुरू करायची असते.

इथे ‘एन’ न दिसणे म्हणजे लिव्हरचा सेन्सर चुकला, की गिअर खरोखरच अडकून बसला, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. तेल कमी झालेला ॲक्चुएटर गिअर अर्धवट टाकतो आणि स्कॅनरवर ते सेन्सरच्या दोषासारखे दिसते. दुरुस्तीनंतर स्कॅनरने ॲक्चुएटरला गिअरच्या जागा पुन्हा शिकवाव्या लागतात. ते न करता सोडलेली गाडी धक्के देत चालते.

बसवताना आणि बसवल्यावर

बाहेरचा सेन्सर बदलणे तसे अवघड नाही. लिव्हर ‘एन’वर ठेवायचा, बॅटरीचे ऋण टर्मिनल काढायचे, दांडा आणि दोन बोल्ट सोडायचे. नव्या सेन्सरवर ‘एन’ची खूण असते, कुठे रेघ तर कुठे पिन घालण्याचे भोक. शाफ्ट आणि ती खूण तंतोतंत जुळवूनच बोल्ट आवळायचे. बोल्टांची भोके लांबट असतात ती याच समायोजनासाठी, आणि खूण न जुळवता बसवलेला नवा कोरा सेन्सर जुन्या बिघडलेल्याइतकाच खोटा बोलतो. कित्येकदा जुना सेन्सरच सैल करून पुन्हा जुळवला की तक्रार संपते, म्हणून नवा मागवण्याआधी हे करून पाहावे.

एक जुगाड मात्र कधीच मान्य करू नये. सेल्फ लागत नाही म्हणून न्यूट्रलच्या स्विचच्या दोन तारा परस्पर जोडून दिल्या जातात. गाडी लगेच सुरू होते, गिऱ्हाईक खूश होऊन जाते. पण त्यानंतर ती गाडी ‘डी’मध्ये आणि ‘आर’मध्येही सुरू होते. पार्किंगमध्ये, समोर भिंत किंवा मागे मूल असताना, ती उडी घेते. ज्या धोक्यासाठी हा स्विच जन्माला आला, तोच धोका आपण पैसे देऊन परत आणतो.

म्हणून दुरुस्तीनंतर गाडी ताब्यात घेताना स्वतः एवढे करून पाहा. मोकळ्या जागी, हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पूर्ण पाय ठेवून लिव्हर ‘आर’ आणि ‘डी’मध्ये असताना गाडी सुरू करण्याचा प्रयत्न करा. सेल्फ लागता कामा नये. ‘पी’ आणि ‘एन’ या दोन्हींत पहिल्याच प्रयत्नात लागला पाहिजे. पांढरा दिवा फक्त ‘आर’मध्ये पेटावा आणि डॅशबोर्डवरचे अक्षर प्रत्येक खाचेत लिव्हरशी जुळावे. यातले एक जरी जुळले नाही, तर बिल देऊ नका, गाडी तिथेच ठेवा आणि कोणत्या तपासणीवरून सेन्सर बदलला ते लेखी मागा.